ख्रिस्ती कादंबरी लिहिताना आणि प्रकाशित करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती कादंबरी कशाला म्हणायचं?

ज्या कादंबरीतला मुख्य पेच ख्रिस्ती श्रद्धेशिवाय उभाच राहत नाही, ती ख्रिस्ती कादंबरी. पारख सोपी आहे. हस्तलिखितातून प्रार्थना, चर्च आणि बायबलची वचनं मनातल्या मनात काढून टाका. तरीही कथानक तसंच पुढे सरकत असेल, तर श्रद्धा फक्त सजावटीला आली आहे. नायिकेला भावाला क्षमा करायची नाहीये, पण प्रभूच्या प्रार्थनेत रोज 'आमच्या ऋण्यांस आम्ही सोडले आहे' असं म्हणावं लागतं आणि त्याच ओळीशी ती अडखळते. इथे श्रद्धा काढली तर कादंबरीच संपते.

देवाचं नाव किती वेळा यावं याचा काही हिशोब नसतो. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचा उल्लेख एकदाही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

कादंबरी प्रवचनासारखी होऊ नये म्हणून काय करावं?

सगळ्यात जास्त हस्तलिखितं याच ठिकाणी फसतात, म्हणून इथे थोडं थांबू.

लेखकाला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि ते सांगायची घाई झालेली असते, हे यामागचं कारण. त्या घाईत एक पात्र शिक्षक होतं, दुसरं विद्यार्थी होतं, आणि विद्यार्थी दोन पानांत पटवून घेतो. वाचकाला हे लगेच कळतं, कारण खऱ्या आयुष्यात इतक्या लवकर कुणालाच काही पटत नाही. नाथान संदेष्टा दुसऱ्याची बायको बळकावणाऱ्या दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने आरोप आधी केला नाही. त्याने गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, दावीदाला राग येऊ दिला, निकाल त्याच्याच तोंडून वदवला आणि मग म्हटलं, 'तो मनुष्य तूच' (२ शमुवेल १२). उधळ्या पुत्राच्या दाखल्यात रुसून बाहेर थांबलेला थोरला भाऊ घरात आला की नाही, हे येशू सांगतच नाही. लूक १५ तिथेच संपतो आणि उत्तर ऐकणाऱ्यावर सोपवतो.

मराठीत याचं उदाहरण घरचंच आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते आणि ती धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिलेली आहे. आज वाचक तिच्याकडे वळतो तो विधवांच्या हालांचं जे चित्र तिच्यात आहे त्यासाठी. त्यातला युक्तिवाद अभ्यासकांपुरता उरला आहे.

आता करायचं काय? पहिला खर्डा पूर्ण झाला की रंगीत पेन घ्या आणि एकच पात्र सलग सहा ओळींपेक्षा जास्त श्रद्धेविषयी बोलतंय अशी प्रत्येक जागा अधोरेखित करा. मग प्रत्येक जागी तीन गोष्टी पाहा: ऐकणारा मनापासून विरोध करतोय का, बोलणाऱ्याचं स्वतःचं काही पणाला लागलंय का, आणि संवादानंतर कुणी काही वेगळं करतं का. तिन्हींची उत्तरं 'नाही' असतील तर तो परिच्छेद काढायचा.

एक उदाहरण. नवरा गेलेल्या बाईला धीर द्यायला पाळक येतो आणि रोमकरांस ८:२८ म्हणून दाखवतो, 'देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात.' ती रडते, मान डोलावते, प्रसंग संपतो. हे मेलेलं पान आहे. त्याऐवजी ती नवऱ्याच्या शर्टांची बटणं लावत घड्या घालत राहते आणि वर न बघता विचारते, 'पाळकसाहेब, हे वचन तुम्ही तुमच्या मुलाच्या मातीच्या दिवशी म्हटलं होतं का?' आता पाळकाला उत्तर द्यावं लागणार. वचन तेच आहे, पण आता ते म्हणणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते.

नायकाचा पश्चात्ताप किंवा हृदयपरिवर्तन कुठे ठेवावं?

शेवटच्या प्रकरणात शक्यतो नको. तिथे ठेवलं की आधीची सगळी पानं त्या एका क्षणाची वाट बघत बसतात आणि वाचक तो क्षण शंभर पानं आधी ओळखतो. पहिल्या एक-तृतीयांश भागात किंवा मध्यावर ठेवलंत तर खरी गोष्ट तिथून सुरू होते: बदललेल्या माणसावर विश्वास कोण ठेवणार? ख्रिस्ताच्या शिष्यांचा छळ करणारा पौल दिमिष्काच्या वाटेवर बदलला, पण त्यानंतर तो यरुशलेमेत आला तेव्हा शिष्यांना त्याची भीतीच वाटत होती (प्रेषितांची कृत्ये ९:२६). जक्कय या जकातदाराचा पश्चात्ताप तर आकड्यांत आहे: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवून घेतलेल्याची चौपट परतफेड. तुमच्या पात्राचा पश्चात्तापही असाच मोजता आला पाहिजे. कुणाला काय परत केलं, कुठली नोकरी सोडली, कुणासमोर काय कबूल केलं हे पानावर दिसू द्या. नुसते डोळे पाणावून भागत नाही.

प्रार्थनेला उत्तर मिळालेलं किंवा चमत्कार दाखवावा का?

दाखवा. ख्रिस्ती वाचक चमत्कार मानतो, त्याला तो खटकत नाही. खटकते ती लेखकाने काढलेली पळवाट. चमत्काराने पात्र संकटात पडलं तर वाचक लगेच स्वीकारतो. चमत्काराने ते सुटलं तर त्याला शंका येते. योहानाच्या ११व्या अध्यायात मेलेला लाजर जिवंत होतो आणि त्याच अध्यायात, ५३व्या वचनात, येशूला ठार मारायची मसलत सुरू होते. तिथे चमत्काराने गोष्ट मिटत नाही, उलट पेटते. तुमच्या कथेत आजारी मूल बरं झालं, तर ते बरं झाल्यामुळे कोण दुखावलं, ज्याचं मूल बरं झालं नाही तो शेजारी आता काय करतो, इकडे वळा.

अनुत्तरित प्रार्थना मात्र एक तरी हवीच, आणि तिचं स्पष्टीकरण कुठल्याही पात्राकडून देऊ नका.

पाप, हिंसा, शिवीगाळ किती दाखवावी?

प्रत्येक प्रकाशनसंस्थेची रेघ वेगळी असते. ख्रिस्ती प्रकाशक साधारणपणे शिव्या आणि उघड कामवर्णन स्वीकारत नाहीत. हिंसेबाबत त्यांची ढील थोडी जास्त असते. लेखनाच्या बाजूने पाहायचं तर २ शमुवेल ११ पुन्हा वाचा. उरीयाची बायको बथशेबा हिच्याशी दावीदाने केलेलं कृत्य जेमतेम एका वचनात उरकलं आहे आणि बाकीचा अध्याय ते लपवण्याच्या धडपडीवर खर्च झाला आहे: उरीयाला घरी पाठवणं, त्याला मद्य पाजणं, त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूचं पत्र देणं. हे प्रमाण कादंबरीला फार चांगलं लागू पडतं.

चर्चजीवन लिहिताना कोणत्या चुका होतात?

पंथांची सरमिसळ ही सर्रास होणारी चूक. मिस्सा (ख्रिस्तप्रसादाचा विधी), फादर, सिस्टर, जपमाळ हे कॅथलिक जगातले शब्द. पाळक, रेव्हरंड, उपासना, प्रभुभोजन हे प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले. एकाच चर्चमध्ये 'पाळकसाहेबांनी मिस्सा केली' असं आलं की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. बायबलही सारखं नाही: प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये ७३. मक्काबी किंवा तोबित ही फक्त कॅथलिक यादीतली पुस्तकं वाचणारं पात्र कुठल्या पंथाचं आहे, हे ठरवून लिहा.

कालगणना दुसरी. पाश्चात्त्य चर्चमध्ये ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. कादंबरीत वर्ष दिलं असेल तर त्या वर्षाची तारीख शोधा. २०१८ मध्ये ईस्टर १ एप्रिलला, म्हणजे एप्रिल फूलच्या दिवशी होता आणि राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) नेमका १४ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइन डेला आला होता. अशा योगायोगातून एखादा प्रसंग आपोआप मिळतो. कॅथलिक चर्चमध्ये गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. दुःखसहनाचा विधी होतो आणि आदल्या दिवशी पवित्र केलेला ख्रिस्तप्रसाद वाटला जातो. त्या दिवशी घंटाही वाजत नाहीत, म्हणून 'गुड फ्रायडेच्या मिस्सेची घंटा' हे वाक्य दोनदा चुकतं. उपवासकाळात 'आलेलुया' म्हणत नाहीत. १९५०च्या दशकातल्या कथेत लोकभाषेतली मिस्सा लिहू नका. तेव्हा ती लॅटिनमध्ये होती आणि बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) झाला.

कन्फेशनवर, म्हणजे पुरोहितापुढच्या पापनिवेदनावर आधारलेली रहस्यकथा लिहिताय? फादर पोलिसांना गुपित सांगतो आणि खुनी सापडतो, हे चालणार नाही. पापनिवेदनाची गुप्तता मोडणारा पुरोहित त्या कृत्यानेच चर्चबाहेर फेकला जातो. ऐकलेली माहिती निवेदन करणाऱ्याचं नुकसान होईल अशा रीतीने वापरायलाही त्याला मनाई आहे. तो फक्त 'शरण जा' अशी विनवणी करू शकतो. हे बंधन नीट पाळलंत तर कथानक त्यानेच घट्ट होतं.

बायबलकाळातली कादंबरी लिहायची आहे. काय तपासावं?

पहिल्या शतकातलं पात्र 'यशया, अध्याय ५३, वचन ५' असं म्हणू शकत नाही. आजची अध्यायविभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या कराराला वचनांचे आकडे १५५१ मध्ये मिळाले. ते पात्र 'यशयाच्या गुंडाळीत लिहिलंय' एवढंच म्हणेल. कागद नाही. पपायरस आणि चर्मपत्र आहे. बटाटा, टोमॅटो, मका नाहीत. घोडेस्वाराला रिकीब नाही.

बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक तीन होते असं मत्तयाने कुठेही म्हटलेलं नाही. भेटवस्तू तीन होत्या. मग्दालिया मरीया वेश्या होती असं बायबल सांगत नाही. ती ओळख पोप पहिले ग्रेगरी यांच्या ५९१ मधल्या प्रवचनापासून रुळली. यरुशलेमेचं मंदिर इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झालं, त्यानंतरच्या काळात कुणाला तिथे यज्ञाला नेऊ नका. आणि यहूदी पुढाऱ्यांना सरसकट खलपात्रं करू नका. येशू, मरीया, पेत्र, पौल सगळे यहूदीच होते, आणि निकदेम व अरिमथाईकर योसेफ हे येशूचे चाहते तर यहूद्यांच्या न्यायसभेचेच सदस्य होते.

शास्त्रात नसलेली पात्रं आणि प्रसंग रचायला हरकत नाही. मात्र सुरुवातीला किंवा शेवटी एका पानाची टीप द्या: काय शास्त्रातलं, काय इतिहासातलं, काय कल्पित. प्रकाशक ही टीप बहुधा मागतोच.

बायबलची वचनं आणि भक्तिगीतं वापरायला परवानगी लागते का?

मूळ मजकूर प्राचीन असला तरी भाषांतरावर कॉपीराइट असतो. प्रत्येक भाषांतराच्या सुरुवातीच्या कॉपीराइट पानावर अट छापलेली असते, ती आधी वाचा. उदाहरणार्थ, इंग्रजीतल्या 'न्यू इंटरनॅशनल व्हर्जन'ची ५०० पर्यंत वचनं लेखी परवानगीशिवाय घेता येतात, पण बायबलचं एखादं अख्खं पुस्तक उद्धृत होता कामा नये आणि तुमच्या पुस्तकाच्या मजकुराचा २५ टक्के किंवा जास्त भाग वचनांचा असता कामा नये. शिवाय ठरलेली कॉपीराइट ओळ छापावी लागते. 'किंग जेम्स' (१६११) ब्रिटनबाहेर मुक्त आहे. ब्रिटनमध्ये तिच्या छपाईवर राजसत्तेचा हक्क आहे. मराठी भाषांतरासाठी हक्कधारक संस्थेला पत्र पाठवा. त्यात पुस्तकाचं नाव, प्रतींची संख्या आणि वचनांची पूर्ण यादी द्या. कादंबरीभर एकच भाषांतर वापरा. तीन भाषांतरांतून सोयीची वाक्यं उचललीत तर परवानग्याही तीन लागतील.

गीतांबाबत कवीचं निधनवर्ष पाहा. मुदत देशानुसार बदलते: कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार मृत्यूनंतर किमान ५० वर्षं, भारतात ६०, बऱ्याच देशांत ७०. ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचे शब्द मुक्त आहेत. हयात गीतकाराच्या दोन ओळींनासुद्धा परवानगी घ्या. गाणं लहान असल्याने दोन ओळी म्हणजे त्याचा मोठा हिस्सा ठरतो. परवानगी मिळत नसेल तर गाण्याचं नुसतं नाव लिहून भागवा, नावावर कॉपीराइट नसतो.

चर्चची अधिकृत मान्यता घ्यावी लागते का?

कादंबरीला नाही. कॅथलिक चर्चमध्ये 'इम्प्रिमातूर', म्हणजे बिशपचा छापण्याचा परवाना, धर्मशिक्षणाची आणि प्रार्थनेची पुस्तकं अशा ग्रंथांना लागतो. लेखक स्वतः संन्यस्त संघाचा सदस्य असेल आणि धर्म वा नीतीविषयी लिहीत असेल, तर त्याला आपल्या वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते.

ओळखीच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली माणसं कादंबरीत घेतली तर?

नाव बदलणं पुरेसं नाही. व्यवसाय, वय, कुटुंबातली माणसं आणि घटनेचा क्रम असं मिळून ओळख पटत असेल, तर बदनामीचा दावा होऊ शकतो. प्रार्थनागटात विश्वासाने सांगितलेली गोष्ट तर वापरूच नये. कायदा आड येवो न येवो, त्या माणसाने ती देवासमोर आणि तुमच्यासमोर ठेवलेली असते.

किती शब्दांची असावी?

इंग्रजी ख्रिस्ती बाजारात साधारण ८०,००० ते १,००,००० शब्द, छोट्या प्रेमकथा-मालिकांना सुमारे ५५,०००. पुस्तकाच्या पानावर २७५-३०० शब्द धरले तर ७५,००० शब्दांची अडीचशेच्या वर पानं होतात. पहिल्याच कादंबरीत दीड लाखाच्या वर गेलात तर प्रकाशक छपाईच्या खर्चापाशीच थांबेल.

प्रकाशकाला देण्याआधी कुणाला वाचायला द्यावी?

तिघांना. कथेतल्या पंथाचा जाणकार एक, ख्रिस्ती नसलेला पण कादंबऱ्या वाचणारा एक, आणि त्या श्रद्धेपासून दुरावलेला एक. तिसऱ्याचं मत सगळ्यात मोलाचं ठरतं, कारण खोटं कुठे वाटतं ते त्याला अचूक दिसतं. 'आवडली का?' असं विचारू नका. 'कुठे वाचणं थांबवलंस?' असं विचारा आणि पान क्रमांक लिहून घ्या. तिघांपैकी दोघं एकाच पानावर अडखळले असतील तर दुरुस्ती साधारण त्याच्या दहा पानं आधी करावी लागते.

प्रकाशकाकडे नेमकं काय पाठवायचं?

आधी त्याची सूची पाहा. फक्त प्रार्थनापुस्तकं आणि भाष्यं काढणाऱ्याकडे कादंबरी पाठवून उपयोग नाही. नंतर चार गोष्टी तयार करा. एक पानाचं पत्र: कादंबरीचा पेच दोन-तीन वाक्यांत, शब्दसंख्या, वाचक कोण. एक-दोन पानांचा कथासार, शेवटासकट. शेवट लपवला तर संपादक तिथेच बाजूला ठेवतो, कारण श्रद्धेचा प्रश्न तुम्ही कसा सोडवलात हेच त्याला पाहायचं असतं. पहिली तीन प्रकरणं, सलग. मधलं 'छान' प्रकरण निवडून पाठवू नका. आणि स्वतःची माहिती अर्ध्या पानात. कादंबरी पूर्ण लिहून झाल्याशिवाय पाठवू नये, पहिल्या पुस्तकाच्या बाबतीत तर नाहीच.

'देवाने मला हे लिहायला सांगितलं' हे वाक्य पत्रात घालू नका. पाचारण खरं असेलही, पण संपादकाला त्यावर 'नाही' म्हणायची सोय राहत नाही आणि तो पुढे वाचायलाच कचरतो.

उत्तराला तीन ते सहा महिने लागणं नेहमीचं आहे. एकाच वेळी अनेकांकडे पाठवलं असेल तर तसं पत्रात सांगा.

इंग्रजीत लिहिली तर?

बेथनी हाउस, रेव्हेल, टिंडेल अशा मोठ्या अमेरिकी ख्रिस्ती संस्था बहुतांशी साहित्य-एजंटमार्फतच हस्तलिखितं घेतात. हार्लेक्विनची १९९७ पासूनची 'लव्ह इन्स्पायर्ड' ही मालिका थेट लेखकाकडूनही घेते, पण तिचे लांबीचे आणि मांडणीचे नियम काटेकोर आहेत.

करारात काय पाहावं?

मानधन कशावर मोजलंय ते सगळ्यात आधी. छापील किंमत १०० धरा. विक्रेत्याला ४५ टक्के सूट दिली तर प्रकाशकाकडे ५५ येतात. १० टक्के मानधन छापील किमतीवर असेल तर तुम्हाला १० मिळतात, निव्वळ जमेवर असेल तर साडेपाच. टक्का तोच, रक्कम जवळजवळ निम्मी.

मग हक्क. भाषांतर, ध्वनिपुस्तक, नाट्य-चित्रपट हे वेगवेगळे हक्क आहेत. प्रकाशकाकडे ते वापरायची काही व्यवस्था नसेल तर ते स्वतःकडे ठेवा. पुस्तक 'उपलब्ध नाही' कधी मानायचं, याची व्याख्या विक्रीच्या आकड्यात लिहून घ्या, उदाहरणार्थ सलग दोन सहामाहींत अमुक प्रतींपेक्षा कमी. ई-पुस्तक कायम उपलब्धच राहतं, त्यामुळे आकडा नसेल तर हक्क कधीच परत येत नाहीत.

प्रकाशक माझ्याकडेच पैसे मागतोय. द्यावेत का?

मग तो छपाईची सेवा विकतोय, आणि त्याच्याशी तसाच व्यवहार करा. लेखी दरपत्रक, प्रतींची संख्या, कागदाचं वजन, संपादन कोण करणार हे विचारा. सगळे हक्क तुमच्याकडेच राहिले पाहिजेत. 'ही सेवा आहे, देवाचं काम आहे' असं सांगून हिशोब टाळला जात असेल तर तिथे थांबा.

स्वतः प्रकाशित करताना काय बिघडतं?

मराठीत पहिला घोटाळा फॉन्टचा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं हस्तलिखित ई-पुस्तकात निरर्थक चिन्हांसारखं दिसतं आणि रूपांतर करताना रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या तुटतात. म्हणून पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच लिहा. रूपांतर करावंच लागलं तर मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून. 'ख्रिस्त', 'बाप्तिस्मा', 'स्तोत्रसंहिता', 'ऱ्हास' हे शब्द शोधून पाहिले की किती बिघडलंय ते लगेच कळतं.

आयएसबीएन १३ अंकी असतो आणि प्रत्येक स्वरूपाला वेगळा लागतो, पेपरबॅकला एक, ई-पुस्तकाला दुसरा. मुखपृष्ठाची चित्रं ३०० डीपीआय, कडेने ३ मिमी जास्तीची जागा. कण्याची जाडी कागद आणि पानसंख्या पक्की झाल्यावरच मोजा. पानं १६च्या पटीत आली तर ऑफसेट छपाईत कागद वाया जात नाही.

मुखपृष्ठावर क्रूस, कबुतर आणि सूर्यकिरण एकत्र आले की पुस्तक प्रार्थनापुस्तिकेसारखं दिसतं. कथेतली एखादी वस्तू घ्या.

पुस्तक कधी आणि कसं बाहेर काढावं?

नाताळची भेट म्हणून विकलं जावं असं वाटत असेल तर छापील प्रती ऑक्टोबरअखेर हातात हव्यात, म्हणजे आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी त्या चर्चबाहेरच्या टेबलावर असतील. उलटं मोजलं तर अंतिम मुद्रितं ऑगस्टमध्ये तपासून व्हायला हवीत. परीक्षणाच्या प्रती नियतकालिकांना प्रकाशनाच्या दोन-तीन महिने आधी द्या. उपासनेत घोषणा करून घेण्यापेक्षा मंडळीतल्या महिला मंडळाला किंवा तरुण संघाला चर्चेसाठी दहा प्रती आणि आठ-दहा प्रश्नांचं एक पान द्या. प्रश्न असे ठेवा की ज्यांचं उत्तर पुस्तकात दिलेलं नाही.